ॲक्टिव्हा गरम झाल्यावर सिग्नलला पुढे ओढते – रेस कमी करायची की क्लच खोलायचा?

सातारी_११०

नमस्कार मंडळी. गाडी २०१४ ची ॲक्टिव्हा, ११० सीसी, कार्ब्युरेटरवाली. रनिंग ४१ हजारांच्या आसपास.

सकाळी थंड असताना ॲक्सिलरेटर सोडला की बंद पडायची, म्हणून गॅरेजमध्ये रेस वाढवून घेतली. आता पंधरा-वीस मिनिटं चालवल्यावर सिग्नलला ब्रेक जरा ढिला केला की गाडी आपोआप पुढे सरकते. ब्रेक दाबून धरला तर हँडलला थरथर जाणवते. रेस कमी केली की सरकणं थांबतं, पण मग सिग्नललाच बंद पडते. ॲव्हरेजही उतरलंय.

गॅरेजवाले म्हणतात अख्खं किट बदला: क्लच शू, ड्रम, बेल्ट, रोलर, सगळं. खरंच गरज आहे का? आयडलिंग (मूठ सोडल्यावरची रेस) नेमकं किती हवं, आरपीएमचा (इंजिनाच्या मिनिटाला फेऱ्या) काटा नसलेल्या गाडीत ते मोजायचं कसं, आणि क्लच किती रेसला धरायला हवा? घरी १० चा पाना, स्क्रू ड्रायव्हर आणि प्लग पाना आहे.

---

पाना_पक्कड

किटचे पैसे आत्ताच देऊ नका. तुम्ही लिहिलेल्या लक्षणांवरून दोष आधी कार्ब्युरेटरच्या बाजूला शोधायला हवा. क्लचचा नंबर त्यानंतर.

आधी हे होतं का ते सांगतो. या स्कूटरचा क्लच वेगावर चालतो. बेल्टने फिरणाऱ्या मागच्या पुलीसोबत तीन शू (घासणारे तुकडे) फिरतात आणि तीन स्प्रिंगा त्यांना आत ओढून धरतात. वेग वाढला की शू बाहेर फेकले जातात, ड्रमला (चाकाकडे जोर नेणाऱ्या वाटीला) घासतात आणि चाक फिरतं. बाहेर फेकणारा हा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे १७०० ची रेस २१०० केली तर वेग पाव पटीपेक्षाही कमी वाढला, पण शूवरचा जोर जवळजवळ दीडपट झाला. स्क्रू "जरासाच" फिरवलेला असतो, तरी गाडी ओढायला लागते ती यामुळे.

तुमच्या गाडीचं आयडलिंग १७०० आरपीएम, शंभर खाली-वर चालतं. हा आकडा इंजिन पूर्ण गरम असतानाचा आहे. शू ड्रमला लागायला सुरुवात साधारण अडीच हजारांच्या पुढे होते. मधलं अंतर मुद्दाम ठेवलेलं असतं आणि तुमच्या गाडीत तेच खाल्लं गेलंय.

सकाळी बंद पडते त्याचं उत्तर रेस वाढवणं नाही. थंड इंजिनाला पेट्रोल जास्त लागतं आणि ते काम चोकचं. चोक लावून अर्धा-एक मिनिट चालू ठेवल्यावरही बंद पडत असेल तर पायलट जेट (आयडलिंगला पेट्रोल देणारी बारीक भोकाची नळी) अर्धवट तुंबलंय, कुठून तरी फालतू हवा आत येतेय किंवा व्हॉल्व्हचा गॅप कमी झालाय. आयडलिंग स्क्रूने थ्रॉटल (मुठीने उघडणारी हवेची झडप) जास्त उघडून ही कमतरता झाकली जाते. थंडीत गाडी कशीबशी तगते, आणि गरम झाली की तेच उघडलेलं थ्रॉटल जादा ठरतं. तुमच्या दोन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे.

काम या क्रमाने करा:

१) गाडी दहा मिनिटं चालवून आणा. थंड गाडीवर लावलेलं आयडलिंग दुपारी उपयोगाचं नसतं. चोक पूर्ण बंद आहे ना बघा. ऑटो चोक असेल तर गरम झाल्यावर तो आपोआप सुटायला हवा. अडकला तर रेस चढलेली राहते आणि सायलेन्सरच्या तोंडाशी काळी काजळी जमते.

२) ॲक्सिलरेटरची मूठ हळू फिरवा. केबल ताणायच्या आधी मुठीच्या कडेला २ ते ६ मिमी मोकळी चाल हवी. ती नसेल तर आधी ॲडजस्टरने द्या, नाहीतर तुम्ही स्क्रू फिरवत बसाल आणि थ्रॉटल केबलने उघडं धरलेलं असेल.

३) गाडी चालू ठेवून हँडल पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे न्या. रेस जराही बदलता कामा नये. बदलली तर केबल कुठेतरी दबलीय किंवा चुकीच्या बाजूने ओवलीय. पुढचं पॅनेल खोलून काम झालेल्या गाड्यांत हे हमखास सापडतं. ओढण्यापेक्षाही हा दोष जास्त धोक्याचा, कारण वळताना गाडी स्वतःहून रेस घेते.

४) आता डबल स्टँड. मागचं चाक मोकळं, आयडलिंगवर गाडी. चाक हळूहळू फिरेल. त्यावर घाबरू नका, बेअरिंग आणि ग्रीसच्या ओढीने चांगल्या गाडीचंही फिरतं. मागचा ब्रेक बोटाने हलका लावा. चाक लगेच थांबलं आणि इंजिनाचा आवाज तसाच राहिला तर क्लच सुटलेला आहे. थांबवताना इंजिन दबलं, आवाज खाली गेला, तर क्लच आयडलिंगलाच धरतोय. गाडी पुढे ढकलली गेलीच तर आपटू नये म्हणून ही चाचणी भिंतीकडे तोंड करून घेऊ नका आणि शर्टाचं टोक, ओढणी चाकापासून लांब ठेवा.

५) मोजण्यासाठी प्लगच्या वायरीवर गुंडाळायचा छोटा टॅकोमीटर मिळतो. फार महाग नाही. तो नसेल तर कानावर भरवसा ठेवू नका. २१०० आणि १७०० मधला फरक सरावाशिवाय कळत नाही.

मीटर लावून आकडा टाका, मग मिक्श्चर स्क्रूकडे (हवा-पेट्रोलचं प्रमाण ठरवणारा) जाऊ. तोवर त्या स्क्रूला हात लावू नका.

---

घाटमाथा

वर लिहिलंय ते बरोबर. एक भर घालतो. एअर फिल्टर बघायला झाकण उघडाल तेव्हा त्याच्यावर कंप्रेसरची हवा मारू नका. या गाडीचा फिल्टर तेल पाजलेल्या कागदाचा असतो. हवा मारली की तेल निघून जातं आणि धूळ थेट आत. तो बदलायचाच असतो. फिल्टर चोंदला की मिश्रण घट्ट होतं (हवा कमी, पेट्रोल जास्त), ॲव्हरेज उतरतं, आणि मग लोक ते भरून काढायला स्क्रू फिरवत बसतात.

---

सातारी_११०

धन्यवाद. मूठ, केबल, हँडल तपासलं. मोकळी चाल ४ मिमीच्या आसपास, हँडल फिरवून रेस बदलत नाही. डबल स्टँडवर ब्रेक लावला की इंजिन स्पष्ट दबतं. मीटर मिळाला, पण तो गरम गाडीवर ४२०० दाखवतोय! इतकी रेस असेल तर गाडी उभीच राहणार नाही. मीटर खराब आहे का?

---

पाना_पक्कड

मीटर चांगला आहे, सेटिंग चुकलंय. फोर-स्ट्रोक इंजिनात पॉवर स्ट्रोक दोन फेऱ्यांत एकदा येतो. पण या गाडीचं इग्निशन फ्लायव्हीलवरून सिग्नल घेतं, म्हणून प्लग प्रत्येक फेरीला ठिणगी टाकतो. त्यातली एक वाया जाते. मीटर "दोन फेऱ्यांना एक ठिणगी" या सेटिंगवर असेल तर तो दुप्पट आकडा दाखवणार. "एका फेरीला एक ठिणगी" वर आणा, २१०० दिसेल.

इथे एक चूक फार जण करतात. दुप्पट दाखवणाऱ्या मीटरवर १७०० आणायला जातात. तेव्हा खरं आयडलिंग ८५० च्या आसपास येतं आणि त्याच्या आधीच गाडी बंद पडते. मग कार्ब्युरेटर खराब असा निष्कर्ष निघतो आणि नवा विकत घेतला जातो.

तर २१००. चारशे जास्त. आता कार्ब्युरेटर.

गाडी थंड होऊ द्या. सीट आणि खालची डिकी काढलीत की कार्ब्युरेटर समोर येतो. त्याला हात लावायच्या आधी दोन तपासण्या.

पहिली, फालतू हवा. कार्ब्युरेटर आणि इंजिनाच्या मधला इन्सुलेटर, त्याची ओ-रिंग आणि इनलेट पाइपला लागणाऱ्या बारीक व्हॅक्यूम नळ्या. रबराच्या नळीला बोटांनी वाकवून बघा, टोकाशी केसासारख्या चिरा दिसतात. गाडी चालू करून या सांध्यांवर साध्या पाण्याचा बारीक फवारा मारा. पाणी आत ओढलं गेलं की तेवढ्यापुरता आवाज बदलतो. कार्ब क्लीनरचा स्प्रे मारून हीच चाचणी करतात, पण तो पेट घेतो आणि शेजारी गरम सायलेन्सर असतो. पाणी पुरेसं आहे. व्हॅक्यूमवर उघडणारा पेट्रोल कॉक असलेल्या स्कूटरमध्ये त्याची नळीही काढून बघा. नळीत पेट्रोलचा थेंब दिसला तर कॉकचा पडदा फाटलाय आणि पेट्रोल आडवाटेने इंजिनात जातंय. तुमच्या ॲव्हरेजच्या तक्रारीला हेही एक कारण असू शकतं.

दुसरी, कार्ब्युरेटरची खालची वाटी. ड्रेन स्क्रू ढिला करून पेट्रोल काचेच्या ग्लासात घ्या. तळाशी वेगळा थर किंवा गोळे दिसले तर पाणी आहे. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि ते पाणी धरून ठेवतं. गाडी पावसाळ्यात महिनाभर उभी राहिली तर हे पाणी खाली बसतं. पायलट जेटची वाट आधीच सुईच्या टोकाएवढी, तिथे हिरवट-पांढरा खर धरतो.

पायलट जेट काढून उजेडाकडे धरा. गोल, स्वच्छ ठिपका दिसला पाहिजे. अर्धचंद्र दिसला तर तुंबलंय. कार्ब क्लीनर आणि हवा, एवढंच वापरा. स्टीलची तार किंवा टाचणी घालू नका. भोक एकदा मोठं झालं की गाडी कायमची जास्त पेट्रोल पिणार आणि कुठल्याच स्क्रूने ते सुधारणार नाही. कार्ब्युरेटरच्या वरचा काळा रबरी पडदा क्लीनर लागण्याआधी काढून बाजूला ठेवा. क्लीनरने तो फुगतो आणि मग खाचेत बसत नाही. परत लावताना त्याच्या कडेची जीभ खाचेत नीट बसवा. पडदा चिमटला तर गाडी आयडलिंगला ठीक वाटेल, पण पिकअप जाईल.

आता मिक्श्चर स्क्रू. काढण्याआधी तो आत घट्ट होईपर्यंत फेऱ्या मोजा आणि कागदावर लिहा. "घट्ट" म्हणजे टेकेपर्यंत. आवळलात तर त्याचं टोक सीटमध्ये रुततं आणि दोन्ही जातात. जो स्क्रू इंजिनाच्या बाजूला असतो तो पेट्रोलमिश्रित हवेचा: बाहेर काढला की मिश्रण घट्ट, आत घातला की पातळ. फिल्टरच्या बाजूला असतो तो नुसत्या हवेचा, त्याचं उलटं. तुमच्या गाडीत पहिला प्रकार.

जोडणी झाल्यावर:

स्क्रू लिहून ठेवलेल्या फेऱ्यांवर आणा. ते माहीत नसेल तर दोन फेऱ्यांपासून सुरुवात करा. गाडी पुन्हा दहा मिनिटं चालवून गरम करा. आयडलिंग स्क्रूने १७०० आणा. मग मिक्श्चर स्क्रू अष्टमांश फेरीच्या टप्प्याने आत घ्या आणि प्रत्येक टप्प्यानंतर दहा-पंधरा सेकंद थांबा. इंजिन लगेच उत्तर देत नाही. रेस पडायला आणि मिसिंग व्हायला लागली की तिथून परत बाहेर या. रेस वाढत वाढत एका जागी सगळ्यात जास्त होते, ती जागा पकडा. आता रेस चढलेली असेल, आयडलिंग स्क्रूने परत १७०० वर आणा. दोन्ही स्क्रू एकमेकांवर परिणाम करतात, म्हणून हा फेरा दोनदा करा.

जुन्या गाडीवर आताच्या पेट्रोलने मिश्रण थोडं पातळ पडतं, कारण इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो. सर्वाधिक रेसच्या जागेपासून अष्टमांश ते पाव फेरी बाहेर ठेवली तर सकाळचं बंद पडणं बहुतेक वेळा जातं. त्याच्यापेक्षा जास्त बाहेर नको, प्लग काळा होतो.

शेवटी मूठ झटकन फिरवून सोडा. रेस थेट १७०० वर येऊन थांबली पाहिजे. वरच लटकून हळूहळू उतरत असेल तर मिश्रण पातळ आहे किंवा हवा अजून कुठून तरी येतेय. १७०० च्या खाली बुडून मग सावरत असेल तर घट्ट आहे.

एवढं करूनही गरम झाल्यावर बंद पडली तर व्हॉल्व्ह गॅप. तो इंजिन पूर्ण थंड असताना, म्हणजे रात्रभर उभ्या गाडीवर, पुस्तिकेतल्या मापाच्या फीलर गेजने बघायचा. एक्झॉस्टचा गॅप संपला की गरम झाल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, कॉम्प्रेशन गळतं आणि आयडलिंग टिकत नाही. व्हॉल्व्हचा आवाज येत नाही म्हणजे सगळं ठीक, हा समज सोडा. कमी गॅपचा व्हॉल्व्ह एकदम शांत असतो.

---

सातारी_११०

सेटिंग बदलल्यावर २०८०-२१२० च्या दरम्यान दिसलं. पायलट जेट तुम्ही म्हणालात तसंच, अर्धचंद्र. साफ केलं. मिक्श्चर स्क्रू पावणेदोन फेऱ्यांवर होता, आता दोनला थोडा कमी. आयडलिंग १७०० वर स्थिर, सकाळी चोकवर नीट चालू राहते.

पण ओढणं कमी झालंय, पूर्ण गेलेलं नाही. डबल स्टँडवर ब्रेक लावला की इंजिन अजून किंचित दबतं. आणि गाडी निघताना पहिल्या दोन-तीन फुटांत गुर्रर्र अशी थरथर.

---

पुलीबेल्ट

आता क्लचची पाळी. आयडलिंग १७०० ला बांधलेलं आहे, त्यामुळे पुढे जे सापडेल ते खरं सापडेल. रेस २१०० असताना क्लच खोलला असता तर चांगल्या स्प्रिंगाही बदलल्या गेल्या असत्या.

डावीकडचं लांब कव्हर काढायचं. बोल्ट ८ च्या पान्याचे, लांबी सगळ्यांची सारखी नसते. पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढून बोल्ट त्याच जागी खोचून ठेवा. लांब बोल्ट आखूड जागी गेला की केसिंगचा आटा जातो. ड्रमचा नट १९ चा. ड्रम धरायला होल्डर हवा. फटीत स्क्रू ड्रायव्हर अडकवून नट फिरवू नका, ड्रमची कड वाकते आणि तीच पुढे थरथर देते. होल्डर नसेल तर एवढा नट गॅरेजमध्ये सोडवून घ्या, पैसे थोडे लागतात.

आतली काळी भुकटी फुंकू नका, कंप्रेसरही नको. क्लच लायनिंगची (शूवरच्या घासणाऱ्या थराची) धूळ छातीत जाणं वाईट. मास्क लावा आणि ओल्या फडक्याने पुसा.

मग काय काय बघायचं.

शू हाताने बाहेर ओढा आणि सोडा. टक्कन आत बसला पाहिजे. तुमच्या लक्षणांत मला पहिला संशय इथेच आहे. शू ज्या पिनांवर फिरतात त्यावरचं ग्रीस सुकून भुकटीसोबत डिंकासारखं होतं. शू बाहेर जातो पण पूर्ण परत येत नाही, आणि आयडलिंग बरोबर असूनही ड्रमला चाटत राहतो. क्लिप काढा, शू उतरवा, पिन आणि भोक केरोसिनने साफ करून पूर्ण कोरडं करा. उष्णता सोसणारं ग्रीस पिनेवर बोटाने पुसल्याएवढंच. थेंब दिसला तर तो जास्त आहे, फिरताना उडून लायनिंगवर जाईल.

स्प्रिंगा तिन्ही काढून शेजारी शेजारी ठेवा. एकीची लांबी जास्त दिसली, वेटोळ्यांत फट दिसली किंवा आकड्याशी चकाकी आली की तिन्ही बदला. एकच बदलू नका. एक शू आधी आणि दोन नंतर लागले की निघताना तीच गुर्रर्र येते.

लायनिंगची जाडी २ मिमीवर आली की शू संपले. त्याहून जाड असतील तर ठेवा. लायनिंग काचेसारखं चकाकत असेल तर १०० ते १२० नंबरच्या पॉलिश पेपरने आडव्या रेघा ओढून चकाकी घालवा. सपाट घासू नका, गोलाई तशीच राहिली पाहिजे. आधी कुठे लागतंय तेही बघा: नुसत्या एका टोकाला चकाकी असेल तर शू पूर्ण टेकतच नाहीये.

ड्रमच्या आत बोट फिरवा. काठाजवळ उंचवटा लागला तर ड्रम झिजलाय. निळे-जांभळे डाग म्हणजे तापून कडक झालेल्या जागा. तिथे घर्षण कमी, बाजूला जास्त, म्हणून धरताना झटके. हलके डाग पेपरने जातात. बोटाला खोलगट लागणारे डाग असतील तर ड्रम बदला, पेपरने ते महिनाभरात परत येतात.

तेल दिसलं तर ते कुठून येतं ते आधी शोधा. मागच्या शाफ्टचं सील, क्रँकचं सील किंवा मागच्या पुलीच्या ओ-रिंगांतून बाहेर आलेलं ग्रीस. तेल प्यायलेलं लायनिंग घासून सुधारत नाही. आणि सील न बदलता नवे शू घातले तर तेही तेल पिणार.

आणखी एक जागा फारसं कुणी बघत नाही: पुढचा व्हेरिएटर, म्हणजे रोलरने बेल्टचा घेर बदलणारी इंजिनाकडची पुली. शू इंजिनाच्या वेगाने नाही, मागच्या पुलीच्या वेगाने फिरतात. गाडी थांबल्यावर पुढच्या पुलीवरचा बेल्ट पूर्ण खाली, लहान घेरावर उतरला पाहिजे, म्हणजे मागची पुली सगळ्यात हळू फिरते. रोलर एका बाजूने सपाट झाले किंवा रोलरच्या घरात कुणी ग्रीस भरलं असेल तर ते अडकतात आणि बेल्ट अर्धवट वरच राहतो. मग आयडलिंग १७०० असूनही मागची पुली जास्त वेगाने फिरते आणि क्लच धरतो. ओळख सोपी: गाडी नुकतीच चालू केल्यावर ओढत नाही, पण वेगातून येऊन थांबल्यावर ओढते, आणि त्यानंतर निघतानाही जड निघते. या गाडीचे रोलर कोरडे चालतात. ते पुसून कोरडे करा, चपटे झाले असतील तर सेट बदला.

बेल्टच्या खाचांच्या मुळाशी चिरा आहेत का ते वाकवून बघा आणि रुंदी व्हर्नियरने मोजून पुस्तिकेतल्या मर्यादेशी ताडा. ठीक असेल तर तोच वापरा. परत लावताना त्यावरचे बाण फिरण्याच्या दिशेला.

बाजारात कडक स्प्रिंगा मिळतात, "पिकअप वाढतो" म्हणून लावून देतात. त्यांनी क्लच उशिरा धरतो, म्हणजे ओढणं नक्कीच थांबतं. पण डबलसीट घाट चढताना किंवा ट्रॅफिकमध्ये हळू सरकताना शू जास्त वेळ घासत राहतात, तापतात, आणि वर्षाचं काम दोन-तीन महिन्यांत संपतं. कंपनीच्या मूळ नंबरच्या स्प्रिंगा घ्या.

वापरातलंही एक. चढावर सिग्नलला थांबल्यावर गाडी ॲक्सिलरेटरवर तोलून धरू नका. आयडलिंगच्या वर आणि क्लच पूर्ण धरण्याच्या खाली शू सतत घासतात. ब्रेकवर थांबा, निघताना ब्रेक सोडत मूठ द्या. ड्रमवरचे निळे डाग बहुतेक इथूनच येतात.

---

कोकणी_चाकं

पावसाळ्यात वॉशिंगनंतर मूठ दिली तरी गाडी उठत नाही, नुसती रेस घेते. हे वरच्यापैकी काय?

पुलीबेल्ट

वरच्यापैकी नाही, पाणी. बेल्टच्या खोलीला हवा घ्यायची वाट असते, तिथून प्रेशरचं पाणी आत जातं. ड्रम आणि बेल्ट ओले झाले की घसरतात. डबल स्टँडवर आयडलिंगपेक्षा थोड्या वरच्या रेसला दोन-चार मिनिटं चालवा, वाळतं. जोरात रेस मारत बसू नका, ओला बेल्ट घसरून त्याच्या कडा जळतात. धुताना डाव्या बाजूला प्रेशर मारू नका, आणि पुरातून गाडी घातली असेल तर कव्हर खोलून पुसणं भागच आहे. त्यासोबत मागच्या गिअरचं तेलही बघा. चहासारखं दुधाळ दिसलं तर बदला.

---

नवीगाडी_बीएस६

माझी २०२१ ची आहे, इंजेक्शनवाली. तीही किंचित ओढते. आयडलिंग स्क्रू सापडत नाही.

पाना_पक्कड

शोधू नका. इंजेक्शनच्या गाडीत आयडलिंग ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) ठरवतो. थ्रॉटल बॉडीवर रंग लावून बंद केलेला जो स्क्रू दिसतो तो आयडलिंगचा नाही, थ्रॉटलची शून्य जागा ठरवणारा आहे. तो हलला की सेन्सरचा हिशोब चुकतो आणि मग रेस वर-खाली होत राहते.

थंड असताना पहिली काही मिनिटं रेस चढलेली असणं नॉर्मल, ईसीयूच ती वाढवतो. गरम झाल्यावरही चढलेली असेल तर थ्रॉटलच्या पाकळीच्या कडेला जमलेली काजळी, केबलची चाल आणि इनलेट पाइपचा सांधा, एवढंच बघा. मीटरवरचा इंजिनाचा पिवळा दिवा पेटत असेल तर आधी त्याचा कोड वाचून घ्या. रेस बरोबर असूनही ओढत असेल तर क्लचचा भाग वर लिहिलाय तोच, त्यात काही बदललेलं नाही.

---

वाडीवरचा

गिअरच्या गाडीचं कुणी सांगेल का? स्प्लेंडर, क्लच पूर्ण दाबला तरी पहिल्या गिअरमध्ये पुढे ओढते, न्यूट्रल सापडत नाही. घरी एक जुनी हिरो होंडा स्ट्रीटपण आहे, तिला क्लचची दांडीच नाही, तिचं कसं करतात?

पुलीबेल्ट

स्प्लेंडरचं आयडलिंग १४०० च्या आसपास, शंभर खाली-वर. ते आधी लावा. रेस चढलेली असली की न्यूट्रल तसाही सापडत नाही.

मग क्लचच्या दांडीची मोकळी चाल दांडीच्या टोकाशी मोजा: १० ते २० मिमी. जास्त असेल तर दांडी पूर्ण दाबूनही प्लेटी सुटत नाहीत आणि गाडी ओढते, तुमचं लक्षण. वरचा ॲडजस्टर बारीक फरकासाठी. तो संपत आला असेल तर तो पूर्ण आत घ्या आणि खाली इंजिनाजवळच्या दोन नटांनी केबल लावा, मग शेवटचा फरक वरून. नट आवळल्यावर हँडल दोन्हीकडे फिरवून चाल परत मोजा.

एक गोष्ट लक्षात ठेवा. केबल ताणली की मोकळी चाल वाढते, पण प्लेटी झिजल्या की ती कमी होते. दोन्ही एकत्र चालू असतात, म्हणून वर्षभर चाल बदलली नाही तरी प्लेटी चांगल्या आहेत असं समजू नका. चाल पूर्ण संपली तर क्लच अर्धवट दाबलेलाच राहतो: रेस वाढते, गाडी वाढत नाही, चढावर जळका वास येतो.

चाल बरोबर असूनही ओढत असेल तर ऑइल. हा ओला क्लच आहे, प्लेटी इंजिन ऑइलमध्येच बुडालेल्या असतात. डब्यावर जासो एमए किंवा एमए२ (ओल्या क्लचला चालणाऱ्या ऑइलची खूण) लिहिलेलं १०डब्ल्यू-३० ऑइल घाला. कारचं ऑइल नको, त्यातल्या घसरण वाढवणाऱ्या मिश्रणाने प्लेटी घसरतात. फार जाड ऑइल घातलं तर सकाळी प्लेटी एकमेकींना चिकटून राहतात आणि पहिला गिअर पडताना गाडी उडी मारते. ऑइल नीट असूनही ओढत असेल तर प्लेटी वाकल्यात किंवा बास्केटच्या (प्लेटी बसतात त्या घराच्या) बोटांना प्लेटींनी खाचा पाडल्यात. खाचेत प्लेट अडकते आणि सरकत नाही. हे कव्हर खोलूनच दिसेल.

स्ट्रीटमध्ये गिअरचा पाय दाबला की क्लच सुटतो, आणि त्याचा ॲडजस्टर उजव्या कव्हरवर असतो: मधोमध खाचेचा स्क्रू, भोवती लॉकनट. इंजिन बंद. लॉकनट ढिला करा. स्क्रू घड्याळाच्या दिशेने एक फेरी फिरवा, जास्त नको. मग उलट दिशेने हळूहळू आणा, हाताला अडल्यासारखं लागेल तिथे थांबा. तिथून घड्याळाच्या दिशेने अष्टमांश फेरी मागे, आणि स्क्रू तिथेच धरून लॉकनट आवळा. नट आवळताना स्क्रू सोबत फिरला तर सगळं परत करावं लागतं.

मग गाडी चालू करून पहिला गिअर टाका. ओढली किंवा बंद पडली तर ॲडजस्टर अजून बरोबर बसलेला नाही. निघताना नुसती रेस वाढून गाडी उशिरा उचलली तरी तेच. दोन्ही वेळा अष्टमांश फेरीच्या टप्प्याने परत बघा, आणि प्रत्येक टप्प्याला लॉकनट आवळूनच गाडी चालवा.